नदीचा सामू सांगता, तिची अल्कताही सांगा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की गोदावरीच्या पात्रात किंवा तिला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या मुखाशी मासे मरून पडल्याची बातमी आपल्या शहरात अधूनमधून येते. तिच्या पाठोपाठ बहुतेक वेळा एक खुलासाही येतो आणि त्यात पाण्याचा सामू (पीएच; ७ च्या खाली उतरला की पाणी आम्लधर्मी) विहित मर्यादेत असल्याचे नमूद केलेले असते. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, मग येथे आम्लाचा काही संबंध नसावा. गेली बावीस वर्षे मी नाशिक, निफाड आणि दिंडोरी या तालुक्यांतील विहिरी, बोअर आणि शेततळ्यांच्या पाण्याचे परीक्षण करीत आहे. त्या अनुभवावरून मला ठामपणे सांगायचे आहे की सामूचा आकडा खोटा नसतो, पण नदीच्या प्रकृतीविषयी तो फार उशिरा बोलतो. आम्ल पचवण्याची किती ताकद पाण्यात शिल्लक आहे, हे सांगणारा आकडा वेगळा आहे. त्याला अल्कता म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात तो ‘टोटल अल्कलिनिटी’ या नावाने छापलेला असतो, मात्र नदीविषयी नागरिकांपुढे जी माहिती येते तिच्यात तो जवळजवळ कधीच दिसत नाही. ही उणीव दूर व्हावी आणि ही ताकद ज्या झऱ्यांतून, मातीतून व गाळातून नदीला मिळते, त्यांच्यावर सिमेंट ओतणे थांबावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या टेबलावर घडलेली एक गोष्ट सांगितली तर मुद्दा लवकर स्पष्ट होईल. निफाड तालुक्यातील एक बागायतदार दोन बाटल्या घेऊन आले होते. एकीत त्यांच्या जुन्या विहिरीचे पाणी होते आणि दुसरीत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात साठलेले पावसाचे पाणी. विहिरीच्या पाण्याचा सामू ७.७ आला आणि शेततळ्याच्या पाण्याचा ७.८. सामूपुरते पाहिले तर दोन्ही पाण्यांत फरक असा नव्हताच. मग दोन्हींचे शंभर-शंभर मिलिलिटर पाणी घेऊन त्यात मिथिल ऑरेंज या रंगसूचकाचे थेंब टाकले आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या मापनळीतून, सौम्य सल्फ्युरिक आम्ल सोडायला सुरुवात केली. या चाचणीत आम्लाची तीव्रता अशी ठेवलेली असते की खर्च झालेला प्रत्येक मिलिलिटर हा दर लिटरमागे दहा मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता दाखवतो. शेततळ्याच्या पाण्याचा पिवळा रंग तीन मिलिलिटरमध्येच नारिंगी झाला. विहिरीच्या पाण्याने छत्तीस मिलिलिटर आम्ल पोटात घेतले आणि मगच रंग बदलला. सामू सारखाच असूनही एका पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद दुसऱ्याच्या बारापट होती, आणि ब्युरेट हाती घेईपर्यंत ते कळायला कोणताही मार्ग नव्हता.

ही ताकद मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटची असते. पाण्यात आम्ल पडले की हायड्रोजनचे आयन मोकळे होतात, आणि माशाच्या कल्ल्यांना किंवा गोगलगाईच्या शंखाला जो त्रास होतो तो या मोकळ्या आयनांचा. बायकार्बोनेट त्यांना धरून ठेवते. त्या दोहोंपासून कार्बोनिक आम्ल तयार होते, ते मुळातच दुबळे असते, आणि पुढे त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन तो वायू हवेत निघून जातो. उलट बाजूने पाण्यात अल्क वाढू लागले तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पुढे येऊन ते सामावून घेतो. दोन्ही बाजूंनी सामूला फार हलू न देणाऱ्या अशा व्यवस्थेला रसायनशास्त्रात बफर म्हणतात. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, तोही मुख्यत्वे याच बायकार्बोनेटच्या आधाराने. नदीतला मासा आणि त्याला पाहणारा माणूस या बाबतीत एकाच व्यवस्थेवर जगतात, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. ज्या घरांत बोअरचे पाणी येते, तेथे पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, त्यामागेही हेच बायकार्बोनेट असते. उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते.

आमच्या द्राक्ष बागायतदारांना ही ताकद चांगलीच परिचित आहे, पण त्रास म्हणून. फवारणीच्या टाकीतील पाण्याचा सामू उतरवायला सायट्रिक आम्ल घालावे तर तो लवकर उतरत नाही, ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार साचून ते चोक होतात आणि ते मोकळे करण्यासाठी पाइपातून आम्ल सोडावे लागते. चुनखडीच्या जमिनीत तर ही लढाई दर हंगामात नव्याने लढावी लागते. पाण्याचा अहवाल हाती पडला की जाणकार बागायतदार आधी सामू पाहत नाही, बायकार्बोनेट पाहतो, कारण टाकीत किती आम्ल घालावे लागेल हे त्या आकड्यावरूनच कळते. बागेसाठी जे शेतकऱ्याला कळते, ते नदीसाठी शहराला कळायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता ही ताकद गोदावरीत कोठून येते ते पाहू. ढगातून पडणारे स्वच्छ पावसाचे पाणीही थोडे आम्लधर्मी असते, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि त्याचा सामू सुमारे ५.६ पर्यंत येतो. हे पाणी ब्रह्मगिरीच्या उतारावर पडून मातीत मुरते. मातीत मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करीत असतात, त्यामुळे तेथे कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि मुरणारे पाणी आणखी आम्लधर्मी होते. त्यानंतर त्याची गाठ पडते ती आपल्या काळ्या पाषाणाशी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या या बेसॉल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे हे आम्ल हळूहळू खात जातात आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम सोडतात. आम्लाचे बायकार्बोनेट होते. कातळाच्या पोकळ्यांत आणि भेगांत कॅल्साइट असते, नदीकाठच्या जुन्या गाळात चुनखडीचे खडे असतात, तेही यात भर घालतात. सिन्नरच्या खनिज संग्रहालयात ज्यांनी आपल्या भागातील खाणींतून निघालेले झिओलाइटचे स्फटिक पाहिले असतील, त्यांना ध्यानात येईल की हा पाषाण वरून कितीही मुका दिसला तरी त्याच्या पोटात पाण्याशी अखंड देवघेव चालू असते. पाण्याचा दगडाशी सहवास जितका लांब, तितकी त्याची अल्कता अधिक. म्हणूनच विहिरीचे पाणी जड लागते, भर पुराचे पाणी हलके असते, आणि उन्हाळ्यात धरणाच्या पाण्याचे आवर्तन नसताना नदीला जो ओलावा राहतो तो झऱ्यांच्या अल्कतेने भरलेल्या पाण्याचा असतो.

जेथे असा पाषाण नाही तेथे काय घडले, हे उत्तर युरोपने पाहिले आहे. नॉर्वे आणि स्वीडनच्या मोठ्या भागात ग्रॅनाइटसारखा कठीण खडक आहे, त्यावर मातीचा थर पातळ आहे आणि हा खडक आम्लाला फारशी दाद देत नाही. युरोपातील कारखान्यांच्या आणि वीज केंद्रांच्या धुरातील गंधकामुळे पडणारा आम्लपाऊस तेथील सरोवरांवर वर्षानुवर्षे पडत राहिला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वांते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने त्याकडे लक्ष वेधले, तोवर अनेक सरोवरांतील मासे कमी होऊ लागले होते. पुढे दोन्ही देशांत मिळून हजारो सरोवरांतील मत्स्यजीवनाची हानी झाली आणि स्वीडनला सरोवरांत होड्यांनी, हेलिकॉप्टरने चुनखडीची भुकटी टाकण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. जे काम आपल्याकडे ब्रह्मगिरीचा दगड फुकट करतो, तेच त्यांना सरकारी तिजोरीतून करावे लागले.

याहून बोलका अनुभव कॅनडाचा आहे. ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठीच राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी २२३ क्रमांकाच्या सरोवरात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून जाणूनबुजून सल्फ्युरिक आम्ल घालायला सुरुवात केली आणि काही वर्षांत सामू सुमारे ६.८ वरून ५ च्या आसपास आणला. मोठे ट्राउट मासे एका दिवसात उलटे होऊन तरंगले नाहीत. सामू ६ च्या जवळ आला तेव्हाच झिंग्यासारखे बारीक प्राणी आणि छोटे मासे संपत गेले, म्हणजे ट्राउटचे अन्न संपले. सामू आणखी उतरला तसे ट्राउट रोडावले आणि त्यांची नवी पिढी जन्माला येणे थांबले. वरून पाहणाऱ्याला सरोवरात मोठे मासे दिसत होते, आणि तरीही ते सरोवर खालून रिकामे होत आले होते. याच प्रयोगमालेत आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आपल्या नदीसाठी फार मोलाची आहे. सरोवराच्या तळाच्या गाळातील सूक्ष्मजीव सल्फेटचे रूपांतर करताना अल्कता निर्माण करीत होते आणि ओतलेल्या आम्लाचा मोठा भाग आपल्या परीने निकामी करीत होते. आम्लाला उत्तर खडकाकडून मिळते तसे ते जिवंत गाळाकडूनही मिळते.

गोदावरीचे पाणी उद्या आम्लधर्मी होईल असे मी म्हणत नाही. आपला पाषाण आपल्याला त्यापासून बराच काळ वाचवील. माझी चिंता नाल्यांच्या मुखांची आहे, पाणी साचून राहिलेल्या डोहांची आहे आणि रात्रीच्या अंधारात किंवा पावसाच्या आडोशाने सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची आहे. धातूवर मुलामा देण्यापूर्वी तो आम्लात बुडवून स्वच्छ करतात. वापरून झालेले हे आम्ल प्रक्रिया न करता नाल्यात आले तर काय होते, याचा साधा हिशेब मांडता येतो. एक लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल सुमारे १.८ किलो कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता संपवते. पाण्याची अल्कता दर लिटरला १५० मिलिग्रॅम असेल, तर या एका लिटरने सुमारे १२,००० लिटर पाण्याची, म्हणजे एका मोठ्या टँकरभर पाण्याची सगळी ताकद जाते. पाणी त्या शेततळ्यासारखे ३० मिलिग्रॅमचे असेल तर ६०,००० लिटरची.

सामू यात कसा फसवतो तेही सांगतो, कारण या पत्राचा सगळा भार त्यावर आहे. समजा, रात्री आलेल्या आम्लाने एखाद्या डोहातील अर्धी अल्कता खाल्ली. त्या घटकेला पाण्यात कार्बन डायऑक्साइड एकदम वाढतो, सामू ६.३ च्या आसपास घसरतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड मारू लागतात. पुढे वाऱ्याने आणि प्रवाहाने तो वायू उडून जातो. पाणी हवेशी समतोल साधते तेव्हा अल्कता निम्मी उरलेली असूनही सामू पूर्वीपेक्षा जेमतेम ०.३ ने कमी दिसतो. एवढा फरक तर सकाळ आणि दुपार यांच्यातही असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मीटरवर ८ च्या जवळचा आकडा येतो, तो प्रामाणिकपणे तो लिहितो आणि अहवाल मर्यादेत बसतो. डोहाने आपली अर्धी पुंजी गमावली आहे याची नोंद कोठेच होत नाही. ही पुंजी मध्यंतरी भरून निघाली नाही, तर पुढे एखाद्या रात्री त्याच मापाचे आम्ल येते आणि या खेपेस सामू सावरत नाही. तेव्हा सगळ्यांना वाटते की हे अचानक घडले. शिवाय सामूची मोजपट्टी दसपटीची आहे. ती ०.१ ने उतरणे म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढणे. औद्योगिक क्रांतीपासून आजवर समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.१ नेच उतरला आहे, आणि प्रवाळांच्या व शिंपल्यांच्या अभ्यासकांना तेवढ्यानेच चिंतेत टाकले आहे.

अल्कता कमी झाल्याची किंमत सर्वांत आधी कोण मोजतो? शंख-शिंपले आणि गोगलगायी, कारण त्यांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचेच असते. मग पाण्यातील बारीक कवचधारी जीव, ज्यांच्यावर माशांची पिल्ले वाढतात. मग अंडी आणि नुकती फुटलेली पिल्ले, जी मोठ्या माशांपेक्षा कितीतरी नाजूक असतात. सामू ५.५ च्या खाली गेला तर मातीतील ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात येते आणि माशांच्या कल्ल्यांवर बसून त्यांचा श्वास कोंडते. आम्ल पचवले गेले तरी त्याबरोबर आलेले क्रोमियम, निकेल, जस्त नाहीसे होत नाहीत, त्यांतील बरेचसे गाळात जाऊन बसतात. पुढे कधी त्या जागी सामू उतरला की त्यातील काही पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून अल्कता नदीच्या गाळातील जुन्या विषावरचे झाकणही आहे, असे मी मानतो.

बफरचा उपयोग दुसऱ्या बाजूनेही होतो आणि नाशिकच्या खालच्या अंगाला तो अधिक महत्त्वाचा आहे. मलजल मिसळलेल्या पाण्यात अमोनिया असतो. सामू ७ असताना २५ अंश तापमानाला त्यातील जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला सुमारे पाच टक्के आणि ९ ला सुमारे छत्तीस टक्के. शेवाळ माजलेल्या पाण्यात भर उन्हात वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि सामू चढतो. रात्री श्वसनाने तो वायू परत येतो आणि सामू उतरतो. पाणवेलींच्या दाट गालिच्याखाली ऊन पोहोचतच नाही, तेथे उतारच अधिक असतो. अल्कता भरपूर असली की ही रोजची चढउतार आवाक्यात राहते, तुटपुंजी असली की तोच मासा दुपारी अमोनियाने आणि पहाटे आम्लाने गांजतो. मत्स्यशेती करणारे तळ्यात रोहू-कटल्याचे बीज सोडण्यापूर्वी चुना टाकतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

येथे एक खुलासा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. अल्कतेचा आकडा मोठा दिसला म्हणजे नदी निरोगी, असेही नाही. मलजलातील युरियाचे विघटन होताना अमोनियाबरोबर बायकार्बोनेटही तयार होते, त्यामुळे शहर ओलांडल्यावर नदीची अल्कता वाढलेली दिसू शकते. ती उसनी आहे. पुढे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता खर्च होते, म्हणजे ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसाठी दोनशेहून अधिक. मलजल शुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्यांना हा हिशेब पाठ असतो, कारण टाकीतील अल्कता संपली की त्यांचे हे जिवाणूही काम थांबवतात. तेव्हा अल्कता आणि अमोनिया हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले, तरच वाचणाऱ्याला खरी स्थिती कळेल.

आता सिमेंटविषयी. रामकुंड परिसरातील कुंडांच्या तळाचे काँक्रीट काढून मूळ झरे मोकळे करावेत, अशी मागणी नाशिककर अनेक वर्षे करीत आले आहेत. ती बहुतेक वेळा श्रद्धेच्या आणि वारशाच्या भाषेत मांडली जाते आणि त्या भाषेचा मी आदर करतो, पण रसायनशास्त्राच्या भाषेतही ती तितकीच योग्य आहे. कोणी म्हणेल की सिमेंटमध्येही चुनाच असतो, मग त्याने अल्कता वाढेलच. नव्या काँक्रीटमधून सुरुवातीला चुना झिरपतो हे खरे आहे, आणि त्या काळात साचलेल्या पाण्याचा सामू नको तितका चढतोही. परंतु ती आवक तात्पुरती असते, आणि तिच्या बदल्यात आपण भूजलाची कायमची वाट बुजवतो. कातळात वर्षानुवर्षे राहून बायकार्बोनेटने भरलेले पाणी ज्या भेगांतून पात्रात येत होते, त्या भेगा बंद होतात आणि अल्कता निर्माण करणाऱ्या जिवंत गाळाचा थर उरत नाही. नासर्डी, वाघाडी यांसारख्या उपनद्यांच्या काठांना आणि तळाला ठिकठिकाणी काँक्रीटचे अस्तर लावण्याची कल्पना पुढे येते, तेव्हा पूर किती वेगाने वाहून जाईल याचा विचार होतो. त्या अस्तराने उन्हाळ्यातील तुटपुंज्या प्रवाहाचे काय होईल, याचा विचारही आराखड्यात असला पाहिजे. शेततळ्याच्या प्लॅस्टिकने पाणी वाचते आणि शेतकऱ्याला त्याची गरज आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र नदीचे शेततळे करू नये.

मापदंडांतील एक विसंगतीही आपल्या वाचकांपुढे यावी असे वाटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, अल्कतेची इष्ट मर्यादा २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे तेथे ती जास्त झाली तर दोष धरला आहे, कमी झाल्याचा विचार नाही. पिण्याच्या पाण्यापुरते ते समजण्यासारखे आहे. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या पाण्याचे वापरानुसार जे वर्ग पाडले आहेत, त्यांतील मासे व वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गाला सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम या तीनच अटी आहेत. अल्कतेची अट त्यात नाही. आपल्याकडे प्रसिद्ध होणारा पाणी गुणवत्ता निर्देशांक सामू, प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी आणि विष्ठाजन्य जिवाणू या चारांवर काढला जातो, त्यातही ती नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मात्र जलचरांसाठी, जेथे निसर्गतःच कमी असेल ते पाणी वगळून, किमान २० मिलिग्रॅम अल्कतेची शिफारस केव्हाच केलेली आहे. सांडपाणी नदीत सोडतानाही आम्लापुरते केवळ ५.५ ते ९ या सामूच्या पट्ट्याकडे पाहिले जाते. ५.५ सामूच्या सांडपाण्यात दडलेले दुबळे आम्ल किती आहे, म्हणजे ते नदीची किती अल्कता खाणार आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात कामे सुरू आहेत आणि नदीच्या पाण्याविषयी या काळात जितकी मोजमापे होतील तितकी एरवी होणार नाहीत. त्यामुळे हीच वेळ योग्य आहे. माझी संबंधित यंत्रणांना विनंती आहे की सोमेश्वर, रामकुंड, तपोवन, टाकळीजवळचा नासर्डी संगम, दसक-पंचक, सायखेडा आणि नांदूरमध्यमेश्वर या ठिकाणी दरमहा सामूबरोबर अल्कता, अमोनिया आणि तापमान मोजावे, नमुना पहाटे व दुपारी असा दोनदा घ्यावा आणि त्या दिवशी धरणातून आवर्तन सुरू होते की नाही याची नोंद करावी. यातील शेवटची सूचना बारीक वाटेल, पण धरणाचे पाणी सुटलेले असताना घेतलेला नमुना नदीविषयी थोडे आणि धरणाविषयीच अधिक सांगतो. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या त्या उथळ पाण्यात हिवाळ्यात उतरणारे पक्षी ज्या शिंपल्यांवर, किड्यांवर आणि माशांवर जगतात, त्यांच्यापर्यंत आपल्या शहराचे पाणी सर्वांत शेवटी पोहोचते. तेथील आकडे तरी स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हावेत. या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही. एक ब्युरेट, थोडे सौम्य आम्ल, सूचकाचे चार थेंब आणि पाव तास पुरतो. बारावीच्या प्रयोगशाळेत मुले अशीच अनुमापने करतात, आणि गोदाकाठच्या महाविद्यालयांनी मनात आणले तर या सात ठिकाणांची वर्षभराची नोंद विद्यार्थीच ठेवू शकतील.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी मासे मेल्याची बातमी आली आणि सामू मर्यादेत असल्याचा खुलासा आला, तर आपल्या प्रतिनिधीने अल्कता किती होती, त्याच जागी महिन्यापूर्वी किती होती आणि नमुना घटनेनंतर किती तासांनी घेतला, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळो वा न मिळो, ते छापावेत. मी स्वतः येत्या पावसाळ्याआधी आणि पहिला पूर ओसरल्यावर वरील सात ठिकाणांचे पाणी स्वखर्चाने तपासणार आहे. ते आकडे, नमुना घेतल्याच्या वेळेसह, आपल्याकडे पाठवीन. सोयीनुसार प्रसिद्ध करावेत.

कळावे,

आपला नम्र,
पाणी व माती परीक्षण करणारा एक वाचक,
नाशिक